लेकीचं प्री-मेड आणि दोन लाख डॉलर्सचा फरक

मार्चच्या शेवटी लेकीला बॉस्टनजवळच्या एका फार नावाजलेल्या प्रायव्हेट कॉलेजची ॲडमिशन मिळाली, घरभर नाचलो, सांगलीला व्हिडिओ कॉल झाला, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि रात्री ती झोपल्यावर मी आणि नवरा फायनान्शियल एडचं पत्र उघडून बसलो. वर्षाचा खर्च ९२ हजार डॉलर्स, मदत १८ हजार. इकडे रटगर्सला, म्हणजे आमच्या न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीत, स्कॉलरशिप वजा करून डॉर्मसकट २३ हजार, आणि आमच्या एडिसनहून ट्रेनचं पुढचंच स्टेशन. चार वर्षांचा फरक दोन लाखांच्या वर!

आपल्याकडे बारावीला ‘नीट’ परीक्षा दिली की थेट एमबीबीएस, इथे आधी चार वर्षं कॉलेज आणि मग मेडिकलची चार. प्री-मेड म्हणजे मेडिकलला जायची तयारी, ती डिग्रीच नाही, मेजर म्हणजे मुख्य विषय कुठलाही घ्या पण बायो, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे सगळं करायचं, जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी सांभाळायची आणि मेडिकलची प्रवेश परीक्षा एमकॅट द्यायची, जी सगळ्या कॉलेजच्या मुलांना एकच असते.

माझी झोप उडाली ती पुढच्या कर्जाने. १ जुलै २०२६ पासून नवीन मुलांना ग्रॅड प्लस लोन, म्हणजे कॉलेजनंतरच्या शिक्षणाचा उरलेला सगळा खर्च भागवणारं सरकारी कर्ज, बंद, मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंतच, त्याच्या वर लागलं तर प्रायव्हेट लोन. म्हणजे साठवलेलं सगळं पहिल्या चार वर्षांतच संपवलं तर मेडिकलच्या वेळी काय करायचं?

मदत वाढवा म्हणून आम्ही बॉस्टनच्या कॉलेजकडे अपील केलं, पगाराच्या स्लिपा, सांगलीला पाठवतो त्याचा हिशोब, सगळं जोडलं, तीन हजार वाढले. खरं तर अप्लाय करायच्या आधीच कॉलेजच्या वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर, जो मदत वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते सांगतो, आकडे टाकून बघायला हवे होते, ते आम्ही केलं नाही आणि त्याची किंमत लेकीने मोजली, आधी आशा लावून घेतली आणि मग दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. ते दोन दिवस फार वाईट गेले.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, आई, मी रटगर्सच्या सिनियर्सशी बोलते. एकीने तिला स्पष्ट सांगितलं की ऑरगॅनिकचे वर्ग प्रचंड मोठे असतात, प्रोफेसरकडे स्वतःहून गेलं नाही तर कोणी ओळखणार नाही, पण रिसर्च लॅब भरपूर आणि हॉस्पिटल तिथेच न्यू ब्रन्सविकमध्ये. हे खरं बोलणं तिला पटलं.

सांगलीला सांगायचं मात्र मला टेन्शन होतं, बॉस्टन सगळ्यांना माहीत, रटगर्स कोणाला? लेकीनेच फोन घेतला. सासऱ्यांना तरुणपणी टीबी झाला होता, मिरजेला महिनोन्‌महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतलेली. ती म्हणाली, आजोबा, तुमचं ते औषध १९४३ मध्ये याच कॉलेजात सापडलंय. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, मग तिथेच जा.

१ मेच्या डेडलाइनच्या आदल्या रात्री तिने स्वतः रटगर्सचं डिपॉझिट भरलं. बॉस्टनच्या कॉलेजची हुडी अजून कपाटात आहे, मी तिला काही विचारत नाही.