इम्पालाच्या स्टिअरिंगमधला खेळ

गाडी होती १९६७ ची शेवरले इम्पाला, स्टिअरिंग डावीकडे. असल्या गाड्या आपल्याकडे सुटे भाग जोडून तयार झालेल्या नाहीत. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५४ लाच बंद झाला. त्यानंतरच्या ज्या दिसतात त्या बहुतेक वकिलातींच्या नाहीतर हौशी आयातदारांच्या. तक्रार अशी की सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, स्टिअरिंगचं चाक दोनेक इंच नुसतंच हलतं (हाच खेळ). उजवीकडे वळवलं की पाव फेऱ्यावर चाक धरतं आणि सोडलं तरी परत येत नाही. शिवाय स्टिअरिंगच्या बॉक्सखाली जो ड्रॉप आर्म (चाकं वळवणाऱ्या दांड्या हलवणारा हात) असतो, त्याच्या वर तेलाचा ओघळ, सील दोन-तीनदा बदलूनही कायम. मालकांनी निदानही सोबत आणलं होतं. "बॉक्स गेला म्हणतात. अमेरिकेतून मागवायचा का?"

"थांबा साहेब, आधी मोजू द्या," म्हटलं.

बॉक्स नुसता झिजला असता तर तो सैल लागला असता. इथे सरळ जाताना सैल आणि पाव फेऱ्यावर घट्ट, दोन्ही एकाच बॉक्समध्ये. त्यामुळे कुणीतरी बॉक्सचा वरचा, दातांमधली ढील कमी करणारा स्क्रू आवळलाय, आणि तोही भलत्या जागी, हा संशय पहिल्यापासून होता.

हा बॉक्स सॅगिनॉ ८०० जातीचा. जनरल मोटर्सच्या मिशिगनमधल्या सॅगिनॉ विभागाने बनवलेला आणि कित्येक अमेरिकन गाड्यांत बसलेला. आत वर्म (मळसूत्री खाचेचा शाफ्ट), वर्मवर रॅक-पिस्टन, आणि दोघांच्या खाचांमधून फिरणारे छर्रे. पिस्टनच्या अंगावरचे दात सेक्टर शाफ्टच्या दातांत अडकतात आणि शाफ्टच्या खालच्या टोकाला ड्रॉप आर्म. सेक्टरचा मधला दात मुद्दाम किंचित भरीव ठेवलेला असतो. त्यामुळे बॉक्स बरोबर मध्यावर असताना दात घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना थोडी ढील मिळते. ही ढील म्हणजे दोष नव्हे, ती कारखान्यानेच ठेवलेली. म्हणून गाडी सरळ चालताना बॉक्स मध्यावरच असला पाहिजे. नसला, तर नव्या कोऱ्या बॉक्सलाही सरळ रस्त्यावर खेळ जाणवणारच.

काहीही उघडण्याआधी खेळ नेमका कुठे आहे ते पाहिलं. एकाने चाक थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खालून बघायचं. कॉलम आणि बॉक्स यांच्यामधलं कापडी कपलिंग ठीक होतं. टाय रॉडचे, म्हणजे चाकांना वळवणाऱ्या दांड्यांचे, एन्ड ठीक. आयडलर आर्म (दांड्यांना पलीकडच्या बाजूने पेलणारा हात) वर-खाली हलत होता, तो बदलायचाच होता. बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट घट्ट होते, भोवती तडा नव्हता. तिथे तडा जाऊ शकतो, तेव्हा दिवा लावून बघावंच. राहिला बॉक्स. वरचा शाफ्ट फिरत होता आणि ड्रॉप आर्म जागचा हलत नव्हता.

मग ड्रॉप आर्म लिंकपासून सोडवला आणि बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजल्या. एकूण चार. म्हणजे मध्य दोनवर. पण चाकं सरळ असताना बॉक्स डाव्या टोकापासून पावणेदोन फेऱ्यांवर होता आणि उजव्या टोकापासून सव्वादोनवर. पाव फेरा सरकलेला. चाक जिथे धरत होतं तोच बॉक्सचा खरा मध्य! टाय रॉडच्या स्लीव्ह (लांबी कमी-जास्त करणाऱ्या नळ्या) बघितल्यावर कारणही दिसलं: एका बाजूला सात आटे बाहेर, दुसऱ्या बाजूला पंधरा. कधीतरी टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) सेट करताना एकच स्लीव्ह फिरवली गेली. चाक वाकडं दिसायला लागलं, तेव्हा स्टिअरिंगचं चाक काढून शाफ्टच्या खाचांवर सरळ बसवलं. मग खेळ जाणवला म्हणून वरचा स्क्रू आवळला. मध्यापासून दूर, ढील असलेल्या जागी खेळ शून्य केला, म्हणजे मध्यावरून जाताना दात एकमेकांत रुतणार.

बॉक्स उतरवताना घाई करू नये. ड्रॉप आर्मचा नट १८५ पाउंड-फूट, म्हणजे २५० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. तो सुटला की आर्म पुलरनेच काढायचा. त्याला हातोडा मारला की मार थेट सेक्टरच्या दातांना आणि निडल बेअरिंगला बसतो. आर्म आणि शाफ्टवर पंचने खूण करावी. पाइपांच्या नटांना फ्लेअर नटचा पानाच लावावा. साध्या पान्याने कोपरे गोल झाले की पाइप नवा करावा लागतो. एक गोष्ट हमखास विसरली जाते: बॉक्स काढल्यावर कॉलम मोकळा फिरू देऊ नये, चाक दोरीने सीटला बांधून ठेवावं.

टेबलावर पहिलं काम मोजमापाचं, उघडण्याचं नव्हे. वरच्या शाफ्टवर पाऊण इंची बारा कोनी सॉकेट आणि पाउंड-इंचाचा पाना. लक्षात ठेवा, इंच, फूट नव्हे. दोन्हींत बारा पटींचा फरक आहे आणि घोटाळा इथेच होतो. असा पाना नसेल तर २० सेंटिमीटरची दांडी आणि स्प्रिंगचा काटा चालतो. दांडीला काटा काटकोनात ओढायचा. १४ पाउंड-इंच म्हणजे साधारण ८०० ग्रॅम. आम्ही स्क्रू आला तसाच ठेवून मोजलं तर मध्यावर २८ भरले. स्क्रू पूर्ण सैल करून मोजलं तर जेमतेम २. म्हणजे सेक्टर दुप्पट घट्ट आणि वर्मची थ्रस्ट बेअरिंग सैल. शाफ्ट धरून आत-बाहेर हलवला तर वर्म हलताना हाताला कळत होता. स्क्रू आवळूनही उरलेला खेळ खरा इथला होता, आणि हा काही वरच्या स्क्रूने जात नाही.

उघडताना तळाच्या झाकणापासून सुरुवात. बॉडीच्या बारीक भोकातून पिन घालून सर्क्लिप (झाकण अडवणारी स्प्रिंगची कडी) उचकायची आणि वरचा शाफ्ट डावीकडे फिरवून पिस्टनकडूनच झाकण बाहेर ढकलून घ्यायचं. झाकण सुटलं की तिथेच थांबायचं. आणखी फिरवलं तर छर्रे वर्मवरून सुटून आत सांडतात. मग पिस्टनचा प्लग अर्धा इंची चौकोनी ड्राइव्हने काढायचा. तो अडकलेला असतोच, आधी पितळी ड्रिफ्टने एक ठोका द्यावा. सेक्टर मध्यावर आणून बाजूच्या झाकणाचे चार बोल्ट काढले की शाफ्ट झाकणासकट बाहेर येतो. मध्यावर नसेल तर दात बॉडीत अडकतात. पिस्टन काढताना वर्मच्या जाडीची एक गोल दांडी मागून टेकवत न्यायची, म्हणजे छर्रे दांडीवर बसून राहतात. लाकडाची खरादून घेतली तरी चालते.

छर्रे ताटात काढल्यावर नीट बघा. निम्मे चकचकीत, निम्मे काळपट. काळे अर्ध्या हजारांश इंचाने, म्हणजे सुमारे ०.०१३ मिलिमीटरने लहान असतात. ते एकाआड एक भरायचे असतात. भार मोठ्यांवर येतो, आणि लहान उलटे फिरल्यामुळे शेजारच्या दोन मोठ्यांचं एकमेकांवर घासणं वाचतं. सगळे एकाच मापाचे भरले तर स्टिअरिंग खरबरीत होतं आणि कारण सापडता सापडत नाही. संख्या बॉक्सप्रमाणे बदलते. जेवढे निघाले तेवढे लिहून ठेवायचे आणि तेवढेच भरायचे. आमचे छर्रे आणि वर्मच्या खाचा साफ होत्या, सोललेलं कुठे नव्हतं. खाचेत नखाला लागेल असा खड्डा असता तर वर्म आणि पिस्टन दोन्ही बाद.

गळतीचं मूळ मात्र सीलमध्ये नव्हतंच. सेक्टर शाफ्ट बॉडीत घालून टोक हलवलं तर चक्क डुलत होता. निडल बेअरिंग खलास. शाफ्ट डुलला की सीलचं ओठ एका बाजूला दबतं, दुसऱ्या बाजूला उघडं पडतं, मग नवं सील महिनाभर टिकतं. बेअरिंग आणि सीलचा संच अमेरिकेहून मागवला. मुंबईच्या नागदेवी बाजारात इंची निडल बेअरिंग मिळतात, पण जुळत्या जाडीचं तेव्हा मिळालं नाही. शाफ्टवर सीलच्या खालच्या पट्ट्यात गंजाचे बारीक खड्डे होते, ओठ जिथे टेकतं तिथे नव्हते. तेवढा भाग ४०० च्या एमरीने गोल फिरवत साफ केला. उभ्या दिशेने कधीच घासू नये. प्रत्येक ओरखडा तेलाला बाहेरची वाट दाखवतो.

सीलचा क्रम आतून बाहेर असा: एक ओठाचं सील, वॉशर, दोन ओठांचं सील, वॉशर, सर्क्लिप. उलटसुलट बसवलेलं बरंच बघायला मिळतं. शाफ्टचे आटे आणि खाचा टेपने झाकूनच सीलमधून घालावा.

टेफ्लॉन रिंगा सगळ्यात नाजूक काम. पिस्टनवर एक, व्हॉल्व्हच्या (तेलाचा दाब डावी-उजवीकडे वळवणाऱ्या भागाच्या) बॉडीवर तीन, प्रत्येकीखाली ओ-रिंग. रिंग चढवताना ताणली जाते आणि तशीच आत ढकलली तर कापली जाते. गरम पाण्यात बुडवून चढवायची, मग तेल लावून भोवती प्लास्टिकची पट्टी आणि होज क्लॅम्प हलका आवळून तासभर ठेवायचं. आपल्या मापावर परत येते. व्हॉल्व्हचा आतला स्पूल आणि बॉडी जोडीने घासून बसवलेले असतात, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. स्पूल अडकला तर ढकलू नये, तेल लावून फिरवत फिरवत घालावा. एक खूण फार उपयोगी पडते: व्हॉल्व्ह वर्मच्या पिनवर नीट बसला, तर बॉक्सच्या बॉडीतलं तेलाच्या परतीचं भोक पूर्ण उघडं दिसतं. अर्धं झाकलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह पिनवरून सुटलेला आहे. तशीच गाडी चालू केली तर इंजिन लागताच चाक आपोआप एका बाजूला पळतं, आणि तेही पूर्ण जोराने.

आता ॲडजस्टमेंट. क्रम ठरलेला: आधी वर्म, मग सेक्टर. वर्मचा प्लग दोन पिनांच्या पान्याने आवळायचा. पान्यासाठी लोखंडी पट्टीला दोन बोल्ट मारले तरी भागतं. २० पाउंड-फूटने तळाला टेकवायचा, प्लगच्या भोकासमोर बॉडीवर खूण करायची, तिथून उलट्या दिशेने अर्धा इंच मोजून दुसरी खूण, आणि प्लग त्या खुणेपर्यंत मागे आणायचा. मग चेक नट ८५ पाउंड-फूट, म्हणजे ११५ न्यूटन-मीटर. नट आवळताना प्लग सोबत फिरतो, तेव्हा तो पान्याने धरून ठेवावा आणि नंतर पुन्हा मोजावं. मर्यादा ४ ते १० पाउंड-इंच. आमचे ५ आले.

सेक्टर बसवताना मधला दात पिस्टनच्या मधल्या खाचेत. एक दात चुकला तर एका बाजूचं वळण जवळजवळ जातं. बसवण्याआधी वरच्या स्क्रूचं डोकं शाफ्टच्या खाचेत किती हलतं तेही बघून घ्यावं. दोन हजारांश इंचापेक्षा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हललं तर स्क्रू कितीही फिरवा, खेळ जाणार नाही. बाजूच्या झाकणाचे बोल्ट ४५ पाउंड-फूट. मग बॉक्स बरोबर मध्यावर आणून, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत फिरवत, स्क्रू एलन कीने थोडा थोडा आत. वापरलेल्या बॉक्सला मध्यावरचा आकडा वर्मच्या आकड्यापेक्षा ४ ते ५ ने जास्त हवा, आणि एकूण १४ च्या वर जाता कामा नये. आमचा ५ अधिक ५, १० वर थांबला. शेजारी उभ्या पोराने विचारलं, "अजून थोडा आवळू का, अगदी टाइट?" नाही! १० म्हणजे १०. चेक नट ३५ पाउंड-फूट आणि त्यानंतर परत एकदा मोजणी, कारण नट आवळताना स्क्रू किंचित ओढला जातो.

गाडीवर चढवल्यावर बॉक्स मध्यावर ठेवून चाक बांधलं आणि दोन्ही टाय रॉडच्या स्लीव्ह सारख्या लांबीवर आणल्या. टो त्यानंतर, दोन्ही स्लीव्ह सारख्याच फिरवून. वरचं चाक काढून खुणेवर बसवलं. हे केलं नसतं तर नवीन केलेला बॉक्सही पाव फेरा बाजूलाच चालला असता आणि तक्रार जशीच्या तशी परत आली असती.

हवा काढायला पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, टाकी भरत भरत सावकाश टोकापासून टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवायचं. मग इंजिन लावायचं. तेल दुधट दिसलं तर आत हवा आहे; तासभर तसंच सोडून पुन्हा फिरवायचं. टोकाला चाक पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये, पंप तापतो.

रस्त्यावर गाडी वळणानंतर हात सैल सोडताच स्वतःहून सरळ आली. चाकावर अर्ध्या इंचाच्या आत हालचाल उरली होती, ती या वयाच्या लिंकेजची, तेवढी राहणार. पंपाचा हलका आवाज मात्र थंड इंजिनावर येतोय. पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत येईल तेव्हा बॉक्सचे बोल्ट, स्लीव्हचे क्लॅम्प आणि तेलाची पातळी बघताना पंपाला गेज लावून दाबही मोजायचा आहे.