फिलिस कर्टिनची खुर्ची

एखादा गायक विभागप्रमुख झाला की आपल्याकडे त्याच्याविषयी भूतकाळात बोलायला लागतात. "छान गायचा हो, आता खुर्चीत बसलाय." माझ्याकडे संगीत विभागाचं काम आल्यापासून हे वाक्य मला फोंड्याच्या बाजारात ऐकू येतं, म्हार्दोळच्या जत्रेत ऐकू येतं. परवा माझ्याच एका विद्यार्थिनीने विचारलं, "टीचर, तुम्ही परत कधी गाणार?" तिच्या आवाजात खरी काळजी होती. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

तिला मी फिलिस कर्टिनची गोष्ट सांगितली. जन्म १९२१चा, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचा. पदवी राज्यशास्त्राची, आणि झाली ऑपेरातली सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका. १९५३पासून न्यू यॉर्क सिटी ऑपेरात गायली, १९६१मध्ये तिथल्याच मेट्रोपॉलिटन ऑपेरात मोझार्टच्या ऑपेरातली फिओर्दिलिजी ही भूमिका केली. पण मला तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो तो १९५४च्या उन्हाळ्यातला. ॲस्पेनच्या संगीत महोत्सवात कार्लाइल फ्लॉइड नावाचा एक तरुण तिला भेटला. हा फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात पियानो शिकवणारा, फारसं कोणाला माहीत नसलेला. त्याने स्वतः संहिता लिहून एक ऑपेरा रचला होता आणि तिने तो बघावा एवढंच त्याचं म्हणणं होतं. नावाजलेली गायिका अशी वही बाजूला ठेवून देते. कर्टिनने ती वाचली आणि लगेच मॅक हॅरेल या मोठ्या बॅरिटोनलाही, म्हणजे भारदस्त आवाजाच्या गायकालाही, त्यात ओढलं.

२४ फेब्रुवारी १९५५ रोजी त्या ऑपेराचा, 'सुझाना'चा, पहिला प्रयोग झाला, तो टॅलाहासीच्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत. कुठल्या राजधानीतल्या सोनेरी सज्ज्यांच्या नाट्यगृहात नव्हे, विद्यापीठात. डोंगराळ टेनेसीतलं एक खेडं, ओढ्यात आंघोळ करताना चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या नजरेला पडलेली एक गरीब मुलगी, आणि मग अख्ख्या गावाने तिच्यावर धरलेला रोख. ही कथा गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. पुढच्याच वर्षी हा ऑपेरा न्यू यॉर्कला गेला आणि आज अमेरिकेत सर्वाधिक होणाऱ्या तिथल्या ऑपेरांत त्याची गणना होते.

हीच कर्टिन पुढे येल विद्यापीठात शिकवायला गेली आणि १९८३मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या कलाशाखेची डीन झाली. १९८७मध्ये तिने तिथे ऑपेरा इन्स्टिट्यूट उभी केली, शिक्षण संपलेलं पण व्यावसायिक रंगमंचावर अजून पाऊल न पडलेलं अशा गायकांसाठी. मधली ही दरी किती भयानक असते ते ती पार करणाऱ्यालाच कळतं. डीन झालेल्या कर्टिनला ती दिसली, कारण त्या वाटेने ती स्वतः चालली होती. तिची खुर्ची मला म्हणूनच आवडते.

गाणं आणि खुर्ची यांच्या मधे आणखी एक पायरी असते, दिग्दर्शनाची. इटालियन बॅरिटोन तितो गोब्बी १९६५मध्ये शिकागोत आणि लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये 'सिमोन बोक्कानेग्रा' या ऑपेरात स्वतः गायला आणि ते बसवलंही त्यानेच. आधी सोप्रानो, मग मेझो, म्हणजे जरा खालच्या पट्टीची गायिका, झालेली रेजिना रेझनिक १९७१पासून दिग्दर्शनात उतरली. ऑपेराच्या दिग्दर्शकापुढचा पेच वेगळाच असतो. तिथे वेळ स्वरलिपीत लिहून ठेवलेली. नायकाने दारापासून खाटेपर्यंत यायचं तर तेवढ्याच मात्रांत, कारण खाली वाद्यवृंद कोणासाठी थांबत नाही. आपल्या संगीत नाटकात वेळ गायकाच्या हातात आणि वन्समोअरवाल्या प्रेक्षकांच्या हातात.

आमच्या गावच्या उत्सवी नाटकात 'मत्स्यगंधा' बसवताना हे मला नीट कळलं. पराशर करणारा पोर 'गुंतता हृदय हे' गाताना पूर्ण सत्यवतीकडे वळायचा. अभिनय म्हणून बरोबर, पण समोर बसलेल्या पेटीमास्तरांना त्याची छाती दिसेना, तो श्वास कधी घेतो ते कळेना, आणि ते दर ओळीला अर्धी मात्रा मागे पडत. मी सत्यवतीलाच पुढे, पेटीच्या बाजूला आणून उभी केली. आता तो तिच्याकडे बघायचा आणि मास्तरांना त्याचा चेहरा दिसायचा. पद लागलं! हे गायलेल्या माणसालाच सुचतं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणेन. मंगेशीच्या अभिषेकीबुवांनी १९६४मध्ये या नाटकाची पदं आटोपशीर, प्रसंगाला धरून बांधली आणि साखळीच्या रामदास कामतांनी ती गाजवली. चाल बांधताना बुवांच्या डोळ्यांपुढे रंगमंच होता, हे ती पदं बसवताना पदोपदी जाणवतं.

आणि व्यवस्थापन आपल्या परंपरेत नव्हतं असं कोण म्हणतं? मास्टर दीनानाथ १९१८मध्ये बळवंत संगीत मंडळीचे एक मालक झाले तेव्हा जेमतेम सतरा-अठराचे होते. लतिका, तेजस्विनी या स्त्रीभूमिका रंगवायच्या आणि बिऱ्हाडाचा खर्चही बघायचा. पुढे मंडळी चित्रपटाच्या धंद्यात उतरली आणि बसली. गंधर्व मंडळीचं कर्जही सर्वांना ठाऊक आहे. एवढे दैवी गळे, आणि त्यांच्यामागे हिशोबाची वही धरणारा गाण्यातला जाणता माणूस उभा राहिला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑपेरा गोव्याला परका नाही, हेही त्या मुलीला सांगितलं. लुकाझिन्हो रिबेरो मुंबईत इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर राबला, आणि १७ एप्रिल १८९२ रोजी तिथेच त्याने पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांसह होणारं कोंकणी नाटक, उभा केला. त्याचं नावच 'इटालियन भुरगो', म्हणजे इटालियन पोर.

तर माझी खुर्ची. आषाढात आमच्या वाद्यांच्या कपाटात बल्ब पेटता ठेवावा लागतो, नाहीतर तबल्याची पुडी सैल पडते आणि पेटीचे सूर अडकतात. तो बल्ब, साथीदारांचं मानधन वेळेवर निघणं, तालमीची खोली संध्याकाळी मुलांना उघडी मिळणं, परीक्षेच्या दिवशी दोन गायनाच्या वर्गांमध्ये ढोलकीचा वर्ग न येणं, यासाठी मी अर्ज लिहिते, पुन्हा लिहिते, कार्यालयात जाऊन बसते. रियाझ पहाटे होतो, रोज होतो.

त्या विद्यार्थिनीला मी यंदाच्या नाटकात भूमिका दिलेली नाही. तालीम ती घेणार आहे, आणि कपडेपट, दिवे, गाडीभाड्याचा हिशोबही तीच ठेवणार आहे. पहिल्या दिवशी ती जरा फुरंगटली. काल रात्री मात्र तिचा फोन आला, "टीचर, दुसऱ्या अंकात ऑर्गन डावीकडे घेतला तर चालेल का?"

म्हटलं, घे आणि स्वतः गाऊन बघ.