टॉवरच्या मागची वटवाघळं

फेब्रुवारीतली संध्याकाळ, भायखळ्यातल्या एका इमारतीची गच्ची, आणि काम रडारने वटवाघळं मोजण्याचं. रडार जहाजांवर असतं तसलंच: एक्स-बँड, तरंगलांबी साधारण ३ सेंटिमीटर, सहा फुटी अँटेना, मिनिटाला २४ फेऱ्या. मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारच्या लहरी तयार करणारी नळी, तापेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. तेवढ्यात पल्स, म्हणजे रडार एका वेळी सोडतो तो लहरींचा झटका, सगळ्यात आखूड केली. ०.०८ मायक्रोसेकंदाच्या पल्सला पुढेमागे १२ मीटरवर असलेली दोन वटवाघळं वेगळी दिसतात. मग लाटांचे आणि पावसाचे प्रतिध्वनी दाबणारे ‘सी क्लटर’ आणि ‘रेन क्लटर’ हे फिल्टर ऑटोवरून काढले. बारीक ठिपके पुसणं हेच त्यांचं काम, आणि आम्हाला तेच ठिपके हवे असतात. फक्त इंटरफरन्सचा फिल्टर चालू ठेवला, कारण बंदरातल्या जहाजांची रडारं याच पट्ट्यात चालतात आणि पडद्यावर तुटक वळणदार रेघा मारतात.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने ठिपके सुरू झाले. दर फेरीला, म्हणजे अडीच सेकंदांत, वीसेक मीटर पुढे. सेकंदाला ८ मीटर. मोठ्या फळखाऊ वटवाघळाला हा वेग शोभतो, पण रातबगळेही याच सुमारास निघतात आणि नुसत्या वेगावरून दोघांत फरक करता येत नाही. वटवाघळांचे अतिशय उंच स्वर टिपणाऱ्या बॅट डिटेक्टरचाही उपयोग नाही, कारण ही वटवाघळं प्रतिध्वनीवर उडत नाहीत, डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतात. म्हणून थर्मल कॅमेरा लागतोच. त्यात रुंद, सावकाश हलणारे पंख स्पष्ट दिसले. वटवाघळंच.

पण पडद्यावर ठिपक्यांची दुसरी रांगही होती, २५० मीटरवरच्या काचेच्या टॉवरच्या बरोबर मागे, सुमारे ५५० मीटरवर. कॅमेऱ्यात तिथलं आकाश रिकामं. पहिली रांग खंडली की दुसरीही खंडायची, तेव्हा उलगडा झाला. किरण टॉवरवर आपटून वटवाघळांकडे वळत होता आणि त्याच वाटेने परत येत होता. रडारला दिशा कळते ती अँटेनाच्या तोंडावरून, त्यामुळे ठिपका टॉवरच्याच रेषेत पडतो. अंतर मात्र टॉवरपर्यंतचे २५० आणि तिथून वटवाघळांपर्यंतचे ३००, असं मिळून. मुंबईत अशी काच चहूकडे आहे. हे तपासलं नाही तर मोजणी सरळ फुगते.

हे पडताळायला दुसऱ्या संध्याकाळी अँटेना गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेला, कठड्याच्या आडोशाला, म्हणजे खालच्या छपरांवरून येणारे नको ते ठिपकेही कमी होतील. खरी रांग होती तिथेच राहिली. टॉवरमागे एकही ठिपका उमटला नाही.