धोट्याचा आवाज ग्राफवर काढला, माझा अनुभव

मामांच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात जुने धोट्याचे माग अजून चालू आहेत (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागाच्या एका टोकाच्या पेटीतून दुसऱ्या टोकाच्या पेटीत धावतो तो), त्यांच्या आवाजावर एक इलेक्ट्रोअकूस्टिक पीस करायचा होता. म्हणजे वाद्यं नाहीत, रेकॉर्ड केलेला आवाजच कापायचा, ताणायचा, उलटा करायचा आणि त्यातून रचायचं. पिएर शेफर या फ्रेंच संगीतकारानं १९४८ ला पॅरिसमध्ये रेल्वेच्या आवाजांवर हेच केलं. रेकॉर्डिंग पटकन उरकलं, अडलं पुढं. फाइलींना नावं काय देणार? खटाक १, खटाक २, घरघर, घरघर मोठी... चार दिवसांनी उघडलं की कुठली घरघर कुठली, काही पत्ता नाही.

मग ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्पेक्ट्रोग्राम लावला, आवाजाचं चित्रच ते. आडवी वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, दिसायला एकदम भारी. पण विंडो, म्हणजे एका वेळी आवाजाचा किती मोठा तुकडा मोजायचा ते, २०४८ ठेवली तर धोट्याचा फटका स्वच्छ उभी रेघ आणि मोटरची गुणगुण नुसता जाड पट्टा, ८१९२ केली की गुणगुणीच्या रेघा सुट्या आणि फटका फिसकटला, दोन्ही एकदम मिळतच नाही, ते गणितच तसं आहे. शिवाय कानाला जे जाणवत पण नाही ते पण तिथं चमकतंय.

संगीतकार डेनिस स्मॉलींचा स्पेक्ट्रोमॉर्फॉलॉजीवरचा, म्हणजे आवाजाचा आकार वेळेबरोबर कसा बदलतो त्यावरचा, १९९७ चा लेख आहे, जड आहे, पण त्यातलं एक लगेच कामाला आलं: आवाज सुरू कसा होतो, टिकतो कसा, संपतो कसा, हे वेगवेगळं ऐकायचं. मामा जकार्डचं, म्हणजे कापडात विणायच्या नक्षीचं, डिझाईन ग्राफवर काढतात, त्यातलेच कागद मागून घेतले. स्क्रीन बंद, एकच आवाज लूपवर, हातात पेन्सिल. फटक्याला काळं टोक आलं, मागं बारीक होत जाणारी शेपूट, आणि परत परत ऐकल्यावर शेपटीत एक छोटी गाठ.

मामा बघून म्हणाले, "काय काढलास बे हे?" सांगितलं तर म्हणतात, "मग ती गाठ म्हणजे धोटा पेटीत आपटून मागं येतोय, पेटी सैल झालीय त्या मागाची." स्पेक्ट्रोग्राममधून मला हे सात जन्मात कळलं नसतं!

आता फाइलींची नावं 'टोक-गाठ', 'बिनटोकाची लांब' अशी आहेत, आणि जोडताना एकाची शेपूट कुणाच्या सुरुवातीत मुरेल ते कागद शेजारी ठेवून बघतो. सगळे माग एकदम चालू असतात तो गोंगाट मात्र कागदावर काढता येत नाही, त्याला टोकच नाही, तिथं फक्त 'दाट, खरखरीत, हळूहळू वर सरकणारा' एवढंच लिहून ठेवलंय.