बांधावरून, भरतीच्या आधी

ठाण्यात राहून सायकल चालवायची म्हणजे निम्मी शक्ती पाय मारण्यात जाते आणि निम्मी जीव वाचवण्यात. घोडबंदर रोडवर कंटेनर, ठाणे-बेलापूर रोडवर एमआयडीसीचे ट्रक, आणि पामबीचवर ज्यांना सिग्नल हा सल्ला वाटतो अशा गाड्या. म्हणून मी गेल्या वर्षी रोड बाईक विकली आणि ग्रॅव्हल बाईक घेतली. चाळीस मिलिमीटरचे टायर, हवा पस्तीस पीएसआयच्या आसपास, आणि डांबर जिथे संपतं तिथून पुढचा रस्ता शोधायचा. लोकांना वाटतं असे रस्ते बघायला कोकणात किंवा कर्नाटकात जावं लागतं. मी शपथेवर सांगते, नवी मुंबईत आहेत. सकाळी सातला तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये फक्त मातीचा एक बांध असतो आणि हॉर्न ऐकू येत नाही.

फक्त कॅलेंडर बघून निघावं लागतं, कारण इथे घड्याळ समुद्राचं चालतं. जलदुर्ग फिरणाऱ्यांना हिशोब ठाऊक असतो: तिथीला पाऊणनं गुणायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मिनिटांना धरून बसायचं नाही, पण मुंबईच्या किनाऱ्याला हा अंदाज चांगला लागू पडतो. फ्लेमिंगो बघायचे असतील तर द्वादशी उत्तम. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या उघड्या चिखलावर पांगून चरत असतात, किनाऱ्यावरून नुसते गुलाबी ठिपके. भरती चढली की चिखल बुडतो आणि ते थव्यांनी आतल्या पाणथळीत येतात, करावे-नेरूळच्या तळ्यांत. म्हणजे नऊची भरती असेल तर साडेसातला बांधावर हजर पाहिजे.

माघातली द्वादशी रविवारी आली. नौपाड्यातून अंधारात निघाले. कळवा, विटावा, ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशी, सगळं डोकं खाली घालून. त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीही नाही. करावेच्या बाजूला, टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या जवळ पामबीच सोडला आणि टायरखालचा आवाज बदलला. खडी, मग मुरूम, मग निव्वळ वाळलेला चिखल. डावीकडे तिवरांची रांग, उजवीकडे उथळ पाणी. पाण्यात शेकाटे काड्यांसारख्या लाल पायांवर उभे, कडेला तुतवार चिखलात चोची खुपसत पळतायत, आणि एका वाळलेल्या फांदीवर खंड्या. गिअर हलका ठेवून चालण्यापेक्षा जेमतेम जास्त वेगानं जायचं. यापेक्षा वेगात जाणाऱ्याला इथलं काहीच दिसणार नाही, आणि पक्षी उठतील ते वेगळंच.

थोडं पुढे बांधाच्या मधोमध एक काका उकिडवे बसले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बांबू, बांबूच्या टोकाला लोखंडी आकडा. मला बघून हात वर केला.

"बाय, हितं जरा उतर. बांध नरम परलाय."

उतरले. सायकल हातात धरून त्यांच्यापर्यंत गेले. पायाखालची माती खरंच दबत होती. बांधाच्या पोटातून एक मोरी जात होती, दोन्ही बाजूंना जुन्या दगडांची चौकट, आणि काका त्या मोरीच्या तोंडातून आकड्यानं कचरा ओढत होते. थर्माकोलचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, नारळाची शेंडी, एक अख्खी चप्पल. ओढायचे, बाजूला टाकायचे, परत आकडा आत.

"चाकोरी परली का पानी तिथनंच वाट कारतं," त्यांनी मला समजावलं. "मंग खांड जाते. खांड गेली का समदा बांध गेला." खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड.

मी विचारलं, ही मोरी कसली? ते म्हणाले, उघाडी. आणि मग हातातला बांबू बाजूला ठेवून त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच मी ही पोस्ट लिहायला बसलेय.

हा बांध पर्यटनासाठी घातलेला नाही, जॉगिंगसाठी नाही, सायकलसाठी तर नाहीच. ही खारबंदिस्ती. समुद्राचं पाणी अडवून आत भातशेती करायची म्हणून आगरी माणसांनी चिखल-माती रचून वाढवलेला बांध. उघाडीला तेव्हा समुद्राच्या बाजूनं लाकडी झडप असायची. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं झडप बंद, खारं पाणी बाहेर. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जाणार. ना मोटर, ना वीज, ना माणूस उभा. "माझा बापूस हितं राता काराचा," काका म्हणाले. राता म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणारं लाल भात. मग 1970 मध्ये सिडको आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, भात गेलं, कुणी झडपेकडे बघेना, झडप कुजून पडली.

आता त्याच उघाडीतून भरतीचं पाणी रोज दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. जी वाट समुद्राला बाहेर ठेवायला बांधली होती तीच आता समुद्राला आत आणते, आणि त्या पाण्यावर हे सगळं तळं जगतं. कोळंबी, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे), शेवाळ, किडे, पक्षी. मोरी तुंबली की तळं मरतं, एवढं सरळ आहे. 2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावाचं हेच झालं. पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तळं आटत गेलं, फ्लेमिंगो आजारी पडले, काही मेले. तेव्हा मी बातमी वाचून हळहळले होते. पाण्याची वाट म्हणजे नक्की काय, ते या उघाडीच्या तोंडाशी उभं राहून दिसलं: हातभर रुंद भोक, आणि त्यात अडकलेली चप्पल.

काका हे काम पगारावर करत नाहीत. निवट्या धरतात, मोरी मोकळी असली तर निवट्या मिळतात, म्हणून कचरा काढतात. मी सायकल बाभळीला टेकवली आणि त्यांनी ओढलेला कचरा गोणीत भरायला लागले. त्यांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत, गोणीचं तोंड माझ्याकडे वळवलं. शेवटचा मोठा बोळा निघाला तेव्हा मोरीतून आधी काळं पाणी आलं, मग फेस, आणि मग खाडीच्या बाजूनं स्वच्छ करडं पाणी जोरात आत शिरलं. दहा मिनिटांत आतल्या चिखलावरची निवट्यांची भोकं बुडाली.

साडेआठच्या सुमारास फ्लेमिंगो आले. आधी आवाज, बदकांच्या गलक्यासारखा घोगरा. मग खाडीच्या बाजूनं लांब रांगा, पंखांखालचा लाल-काळा पट्टा, आणि एकेक रांग तळ्यावर वळून उतरली. बहुतेक लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), गडद चोचीचे. मधेमधे उंच, फिकट मोठे रोहित, चोच गुलाबी आणि टोक काळं. लहान रोहित मान खाली घालून उलटी चोच पाण्याच्या वरच्या थरात डावी-उजवी फिरवतो आणि शेवाळ गाळून घेतो. मोठा तीच उलटी चोच तळाच्या चिखलापर्यंत नेतो, कोळंबीसारखे जीव शोधत. एकाच तळ्यात दोघे, आणि भांडण नाही. मी बांधावर बसून होते, सगळ्यात जवळचा पक्षी क्रिकेटच्या खेळपट्टीएवढ्या अंतरावर.

आणि मग मोटरसायकली आल्या. तीन, बांधावरून, त्याच नरम जागेवरून. मागे मोठ्या लेन्सवाले. पक्षी उडताना फोटो हवा म्हणून त्यांच्यातल्या एकानं टाळ्या वाजवल्या, दुसऱ्यानं ड्रोन काढला. अख्खं तळं उठलं. मला इतका संताप आला की हात थरथरले. भरतीचे दोन-तीन तास हाच या पक्ष्यांचा आत चरण्या-विसावण्याचा वेळ, बाहेर चिखल बुडालेला, जाणार कुठे? 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 1690 हेक्टर, आणि 2022 मध्ये ठाणे खाडी रामसरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली. पण पक्षी अभयारण्याची हद्द बघून उतरत नाहीत, ही तळी त्या हद्दीबाहेर आहेत, आणि तिथे त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं. मी बोलले. मोठ्यानं बोलले. काका बांबू घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले. ड्रोन खाली आला. मोटरसायकली गेल्या, पण त्यांच्या चाकोऱ्या राहिल्या, आणि काकांनी लगेच खोऱ्यानं चिखल घालून त्या बुजवल्या, पायानं दाबल्या.

म्हणून कुणी "इथे पेव्हर ब्लॉक टाकून सायकल ट्रॅक करा" म्हटलं की मला धडकी भरते. पेव्हर आले की दिवे येतील, दिव्यांमागून टपऱ्या, टपऱ्यांमागून गाड्या. हा रस्ता मातीचा आहे म्हणून रिकामा आहे.

दुसऱ्या रविवारी खारघर केलं. ऊन आणि चढ. त्यानंतरच्या बुधवारी रजा टाकून येऊरला गेले, आणि तो दिवस छान गेला. बुधवारच, कारण शनिवार-रविवारी उपवनवरून वर जाणारा रस्ता बंगल्यांवर पार्टीला निघालेल्या गाड्यांनी भरतो आणि जंगलात स्पीकर ऐकू येतो. हे राष्ट्रीय उद्यान आहे, बिबट्यांचं घर आहे, आणि तिथे लोक ढोल-डीजे लावतात, हे मला सहन होत नाही. सकाळी मात्र चेकनाक्यानंतर फक्त सातभाई आणि कारवीची वाळलेली खोडं. काटेसावरी लाल झालेल्या. पाटोणपाड्याच्या बाजूला डांबर सोडून पाड्यांमधल्या मातीच्या वाटांनी फिरता येतं; त्यापुढे उद्यानाच्या आतल्या वाटांवर परवानगीशिवाय सायकल घालू नये, मी घालत नाही. एका घरापाशी पाणी मागितलं, मावशींनी पाण्याबरोबर गूळ दिला आणि पैसे देऊ केले तर चिडल्या.

फाल्गुन वद्य द्वादशीला परत बांधावर जाणार आहे, भरती नऊच्या आसपास. यायचं असेल त्यांनी सातला करावेच्या बाजूला भेटा. दोन रिकाम्या गोण्या आणि जाड हातमोजे आणा, स्पेअर ट्यूब दोन, कारण विलायती बाभळीचा काटा ग्रॅव्हल टायरलाही जुमानत नाही. घरी आल्यावर चेन त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा, खारा चिखल रात्रभर राहिला तर गंजते. उघाडीपाशी सगळ्यांनी उतरून चालायचं आहे. काकांनी निवट्यांचं कालवण घरी करून आणतो म्हणून सांगितलंय, भाकऱ्या मी नेणार आहे.