तुम्ही विचारलंत म्हणून : खरंच वाजवता, की मागे लावलेलं असतं?

कार्यक्रम संपला की हा प्रश्न येतोच. कधी जेवणाच्या रांगेतल्या काकू विचारतात, कधी नवऱ्या मुलाचा शाळकरी भाचा. वधूपित्याच्या तोंडून आला तर त्याला जरा धार असते, कारण पैसे त्यांनी मोजलेले असतात. "छान झालं हो. पण ते खरंच तुम्ही वाजवत होतात, की मागे लावलेलं होतं?" मी "मीच वाजवत होते" म्हणते आणि हसून पुढे होते. त्या गोंगाटात याहून लांब उत्तर देता येत नाही. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं खरं उत्तर लांबच आहे.

मी लग्नांत, संगीतच्या रात्री, कंपन्यांच्या बक्षीस समारंभांत आणि मदतनिधीच्या कार्यक्रमांत एकटीने इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवते. मागे लावलेलं असतं, हे खरं. मी वाजवत असते, हेही खरं. ढोलक, बास, पियानो, मागे भरून राहिलेली तंतुवाद्यं हे सगळं ट्रॅकमधून, म्हणजे आधी तयार केलेल्या ध्वनिमुद्रणातून येतं. गाण्याची मुख्य चाल त्यात नसते. ऑर्केस्ट्रावाले ज्याला 'मायनस वन' म्हणतात, तसलाच ट्रॅक. गायकाची जागा मोकळी सोडलेली असते आणि तिथे मी असते. माझा सूर चुकला तर तो लॉनभर चुकतो, झाकायला मागे तीच चाल वाजवणारं दुसरं व्हायोलिन नसतं.

मग माणसं का नाही आणत साथीला? खर्च हे कारण आहेच. पण इव्हेंटवाल्यांना स्टेजवर बसलेला वाद्यवृंद नकोच असतो. त्यांना पाहुण्यांच्या टेबलांमधून फिरणारी, नवरीच्या पुढे वाजवत चालणारी, चमचमत्या पोशाखातली एक बाई हवी असते. तबला घेऊन कोण चालणार? सुपारी घेतानाच हे ठरलेलं असतं, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. चालत वाजवणं ही वेगळी कसरत आहे. मी शिकले ते मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून. त्या बैठकीत वाद्याचा भार पायावर जातो, डावा हात मोकळा राहतो आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, हवी तेवढी लांब ओढता येते. उभं राहून हनुवटीखाली धरलं की तोच हात थोडा तरी अडकतो. त्यात उंच टाचा आणि लॉनवरचं ओलं गवत. मींड कुठे आखडती घ्यायची, हे मला नव्याने बसवावं लागलं.

तुमच्या शंकेचं मूळ माझ्या वाद्यात आहे, असं मला वाटतं. नेहमीचं व्हायोलिन पोकळ असतं. ते डीजेच्या मोठ्या स्पीकरसमोर नेलं की स्पीकरचा आवाज त्याच्या पोटात शिरतो, पिकअपमधून (वाद्याचं कंपन पकडणाऱ्या छोट्या यंत्रातून) परत स्पीकरला जातो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. म्हणून भरीव अंगाचं इलेक्ट्रिक व्हायोलिन. त्यात घोडीजवळ, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याजवळ, बसवलेला पिकअप तारांचं कंपन पकडतो आणि पुढचं सगळं अँप्लिफायरचं काम. यामाहाने 1997मध्ये असं वाद्य बाजारात आणलं ते मुळात शेजाऱ्यांची झोप न मोडता रियाज करता यावा म्हणून. त्याच दशकात व्हायोलिनवादक व्हेनेसा-मेने इलेक्ट्रिक व्हायोलिन रोषणाई आणि ड्रम्सच्या साथीने मोठ्या मंचांवर गाजवलं होतं. आमच्यासारख्यांच्या धंद्याची पायवाट तिथूनच निघते. पण अडचण अशी की जोडणी काढली, तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही हे वाद्य जेमतेम ऐकू येतं. म्हणजे ज्याला नुसता हात फिरवायचा आहे, त्याची सोयच झाली. तुम्ही उगाच संशय घेत नाही.

आता ट्रॅकवर वाजवणं सोपं, असा एक समज असतो. मला ते माणसांबरोबर वाजवण्याहून अवघड वाटतं. साथीला माणूस असला की तो ऐकतो. मी एखाद्या सुरावर रेंगाळले तर तबलजी ठेका धरून ठेवतो, मी समेवर उशिरा येतेय हे त्याला माझ्या खांद्यावरून कळतं. ट्रॅकला खांदे दिसत नाहीत. तो सुरू झाला की आपल्या वेळेला संपणार.

लग्नात मात्र काहीच वेळेवर होत नाही. वरमालेच्या एन्ट्रीसाठी साडेतीन मिनिटांचं गाणं ठरलेलं असतं. नवरीचा पदर फुलांच्या कमानीत अडकतो. फोटोग्राफर म्हणतो, जरा मागे जाऊन पुन्हा चाला. मध्येच आत्याबाईंना भरून येतं आणि त्या मिठी मारतात. तिकडे गाणं शेवटच्या धडाक्याला पोहोचलेलं असतं आणि नवरी अजून निम्म्या वाटेवर. म्हणून माझे ट्रॅक सलग नसतात, त्यांचे तुकडे केलेले असतात. मुखड्याचा तुकडा वेगळा, अंतऱ्याचा वेगळा, आणि मध्ये आठ मात्रांचा एक तुकडा जो हवा तितका वेळ फिरत राहतो. माझा एक सहकारी लॅपटॉपवर बसतो. मी व्हायोलिनचं टोक वर केलं की पुढचा तुकडा, खाली झुकवलं की त्याच तुकड्यात थांब. व्हिडिओत ती माझी अदा म्हणून दिसते. लोक तिचं कौतुकही करतात, मी करू देते.

त्या फिरत्या आठ मात्रांत जे वाजतं ते आधी ठरलेलं नसतं. आत्याबाईंची मिठी किती वेळ चालेल हे मला कुठे ठाऊक असतं? तिथे मी शिकलेलं रागसंगीत उपयोगी पडतं. गाणं ज्या रागाच्या अंगाने जातं त्याचा एखादा आलाप, एखादी तान, मग परत मुखडा. पाहुण्यांचं लक्ष नवरीकडे असतं. ते बरंच आहे, कारण खरं संगीत मी त्या वेळात करून घेते.

कानात जे इअरफोनचं बोंड दिसतं, त्याबद्दलही विचारतात. ते फोनचं नाही. मोकळ्या लॉनवर स्पीकर माझ्यापासून तीस मीटरवर असेल, तर त्याचा आवाज माझ्यापर्यंत यायला साधारण 90 मिलिसेकंद लागतात, कारण हवेत आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास धावतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण जलद लयीत तेवढ्याने मात्रा सरकते आणि मी जे ऐकून वाजवते ते पाहुण्यांना मागे पडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून ट्रॅक थेट कानात हवा. ब्लूटूथचा इअरफोन इथे चालत नाही, त्याचाच उशीर बरेचदा दीडशे-दोनशे मिलिसेकंद असतो. एका कानात ट्रॅक आणि लयीची टिकटिक, दुसरा कान उघडा, नवरीची वरात कुठवर आली ते ऐकायला.

त्यात दहाचा काटा. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. सरकार वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देतं, ते दिवस सणांमध्येच जातात. स्वागत समारंभ साडेसातचा म्हणून छापलेला असतो, नवरानवरी येतात पावणेनऊला, आणि त्या सव्वा तासात डीजे, नाच, केक, भाषण आणि मी. साउंड चेकला वेळ मिळतो तो सजावटीची शिडी मध्ये उभी असताना.

अशाच घाईत ती विनंती येते. "मॅडम, आजच्या दिवस नुसता हात फिरवा. ऑडिओ आमच्याकडे तयार आहे, एकदम क्लीन." म्हणजे कुणा भलत्याचं व्हायोलिन वाजणार आणि मी गज हलवणार. मी नाही म्हणते. त्यामुळे काही कामं गेली आहेत. प्रेक्षक नसताना नुसतं चित्रीकरण असेल, तर माझ्याच ध्वनिमुद्रणावर हात फिरवायला माझी हरकत नसते, ते जगभर तसंच करतात. पण समोर माणसं बसली असतील तर नाही.

यावर एका इव्हेंटवाल्याने मला ओबामांचं उदाहरण दिलं होतं. ते खरंही आहे. 20 जानेवारी 2009ला वॉशिंग्टनमध्ये ओबामांच्या शपथविधीला इत्झाक पर्लमन व्हायोलिनवर आणि यो-यो मा चेलोवर होते, सोबत क्लॅरिनेट आणि पियानो. लोकांनी ऐकलं ते मात्र दोन दिवस आधी ध्वनिमुद्रित केलेलं. हवा गोठणबिंदूच्या खाली होती, त्या थंडीत तारा सुरात राहत नाहीत. हे बाहेर आल्यावर पुष्कळ टीका झाली. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. ध्वनिमुद्रण त्यांचंच होतं, त्याच चौघांचं. पुण्याच्या डिसेंबरात अंगावर शाल लागते, बोटं आखडतात, तारा जरा वर चढतात. पण वाजवता येतच नाही, इतकी थंडी इथे पडत नाही. आमचा खरा त्रास पावसाळी दमट हवेचा. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या लग्नात गजाचे केस दमटपणाने सैल पडतात, केसांना लावलेली राळ चिकट होते आणि खारं वारं तारांना गंज आणतं. तरी वाजतं.

एक गंमत मला नेहमी वाटते. मंगल कार्यालयात सकाळी शिरलं की सनई ऐकू येते. ती कुठून येते? पेनड्राइव्हमधून. पूर्वी कॅसेटमधून यायची. दाराशी बसणारे सनई-चौघडेवाले कित्येक कार्यालयांतून गेले, त्याबद्दल कुणाला प्रश्न पडत नाही. सनई दिसत नसली तरी चालते. व्हायोलिन दिसतं, म्हणून संशय.

माझ्या ट्रॅकमधल्या त्या भरदार तंतुवाद्यांबद्दल मला जास्त वाटतं. ती सगळी संगणकातली आहेत. मुंबईच्या सिनेसंगीतात एके काळी त्या जागी खरे वादक ओळीने बसत. त्यांत गोवेकर किती तरी, चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन तर मराठी घरांत 'गाणारं व्हायोलिन' म्हणूनच ओळखलं जातं, शब्द ऐकू आल्याचा भास व्हावा असं ते वाजवत. आज त्या अख्ख्या रांगेच्या जागी एक फाइल आणि तिच्यापुढे मी एकटी, तीही दिव्यांच्या माळा लावून. "खरंच वाजवता का" हा प्रश्न त्या फाइलला कुणीतरी विचारायला हवा.

मदतनिधीच्या कार्यक्रमांत गोष्ट थोडी निराळी. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात, गोल टेबलं, कुठल्यातरी रुग्णालयासाठी किंवा शाळेसाठी लिलाव आणि देणग्या. माझं वाजवणं हमखास आवाहनाच्या आधी ठेवतात. काट्या-चमच्यांची किणकिण आणि गप्पा थांबाव्यात, बोलणाऱ्याचं पहिलं वाक्य शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचावं, एवढाच हेतू. संयोजकांना तिथेही ढोल-ताशाचा दणदणीत ट्रॅक हवा असतो. मी फक्त तंबोरा मागते. दणक्यावर लोक आपला आवाज चढवतात, संथ आलापावर उतरवतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आणि तो तंबोरा? तोही यंत्रातलाच. इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979 साली आणला, आणि आता तर तो फोनमध्ये आहे. मोठमोठ्या मैफलींतही तो वाजतो आणि जाणकार माना डोलावतात. म्हणजे यंत्राला कुणाची ना नसते. माणूस नेमकं काय करतोय, हे कळलं की पुरतं.

अशा कार्यक्रमांचे पैसे घेता का, हेही लगोलग विचारतात. कधी घेते, कधी कमी करते, कधी सोडते, पण आधी ठरवून. हॉटेल, फुलं, साउंड सगळ्यांचं बिल लागलेलं असताना फक्त कलाकाराने फुकट यावं, हे मला पटत नाही. शिवाय फुकट दिलेल्या सेवेवर देणगीची आयकर सवलत मिळत नाही, ती पैशांच्या देणगीवर मिळते. म्हणून माझ्या ओळखीचे काही कलाकार मानधन घेतात आणि त्याच संस्थेला धनादेश देतात. हिशेब स्वच्छ राहतो.

आता, कोण वाजवतंय आणि कोण हात फिरवतंय, हे तुम्हाला ओळखायचं असेल तर डाव्या हाताची बोटं बघू नका. जलद जागी ती कुणालाही नाचवता येतात. गज बघा. न तुटता एकच लांब सूर ऐकू येत असेल आणि गज मात्र दोनदा दिशा बदलत असेल, तर गडबड आहे. मींड ऐकू आली त्या क्षणी बोट तारेवरून सरकलं का, ते बघा. आणि गज तारेवरून उचलल्यावर सूर किती वेळ उरतो ते ऐका. दोन-तीन सेकंदांत विरला तर तो साउंडवाल्यांनी लावलेला रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने दिलेला घुमारा. छान पसरून, नक्षी काढत पुढे चालू राहिला, तर मात्र विचारा.

मलाही विचारा, आणि ट्रॅक बंद करून तुमच्या आवडीचं काहीतरी वाजवायला सांगा. नाट्यगीत सांगा, अभंग सांगा, तुमच्या आईचं आवडतं भावगीत सांगा. मी आनंदाने वाजवीन. फक्त दहाच्या आत सांगा, दहाला साउंडवाले दादा माझं म्हणणंसुद्धा ऐकत नाहीत.