ल पुल्दू ते दोएलान: श्लेविन्स्कीचा समुद्र

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ल पुल्दूला लोक येतात ते चित्रकार पॉल गोगांसाठी. आम्ही गेलो त्याचा पोलिश चित्रकार मित्र व्वादिस्वाफ श्लेविन्स्कीसाठी. आधीच सांगून ठेवतो, त्याची चित्रं बघायची म्हणून इथवर येऊ नका. गाजलेली चित्रं पोलंडमध्ये आहेत. इथे आहे तो त्याचा समुद्र.

श्लेविन्स्की मूळचा पोलिश जमीनदार. शेतीवाडीचा बोजवारा उडाला, करवसुलीचा ससेमिरा मागे लागला, तेव्हा १८८८ साली सगळं टाकून त्याने पॅरिस गाठलं. तिशी उलटून गेलेली आणि हातात कला म्हणावी अशी काही नाही. गोगांशी ओळख झाली, त्याने याला चित्रकलेच्या भरीस घातलं आणि त्याच्या मागोमाग हाही ब्रिटनीत आला. १८९१मध्ये गोगांने काढलेलं याचं फुलांसोबतचं व्यक्तिचित्र आता टोकियोत आहे. १८९४मध्ये ताहितीहून परतलेला गोगां ल पुल्दूत उतरला तोही याच्याकडेच.

गावात मारी आंरीची खानावळ पुन्हा उभारून तिचं संग्रहालय केलंय. गोगां आणि मंडळींनी जेवणाच्या खोलीच्या भिंती रंगवल्या होत्या, ती हीच खानावळ. मूळ चित्रं केव्हाच जगभर पांगली, इथे सगळ्या प्रतिकृती. तरी बघाच, कारण खोली किती लहान होती हे पुस्तकातून कळत नाही. हिवाळ्यात बंद असतं, तेव्हा वेळा तपासूनच निघा.

खरी मजा पुढे. किनाऱ्याने जीआर ३४ ही पायवाट दोएलानच्या बंदरापर्यंत जाते. रमतगमत अर्धा दिवस धरा. खाली काळपट खडक, त्यावर फुटणारं करडं-हिरवं पाणी. श्लेविन्स्कीच्या समुद्रचित्रांत बहुधा माणूस नसतो, होडी नसते. खडक आणि लाट, बस. गोगांकडून त्याने ठसठशीत वळणदार रेषा आणि सपाट रंग उचलले, भडकपणा तेवढा तिथेच ठेवला. त्याला गोगांची सावली म्हणणाऱ्यांनी ही वाट ढगाळ दिवशी चालून बघावी. पाण्याचा रंग मिनिटामिनिटाला बदलतो, पण लाल-पिवळा कधी होत नाही!

दोएलानला दोन दीपगृहं आहेत, एक हिरवं-पांढरं, दुसरं लाल-पांढरं. मधली काही वर्षं पोलंडमध्ये काढून १९१०मध्ये श्लेविन्स्की ब्रिटनीत परतला आणि इथेच राहिला. तरुण विट्काची (पुढे नाटककार म्हणून गाजलेला) १९११मध्ये इथे त्याच्याकडे आला होता. १९१८मध्ये श्लेविन्स्की पॅरिसमध्ये वारला.

जायचं कसं? पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून कँपेर्लेची गाडी घ्या, कधी कधी लोरियाँला बदलावी लागते. पुढची बस तुरळक आहे, त्यामुळे परतीची वेळ आधी बघा, नाहीतर टॅक्सीचा भुर्दंड. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय खडकांवर उतरू नका. इथे पाणी कित्येक मीटर चढतं. पावसाळी जॅकेट उन्हाळ्यातही हवं आणि छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. शाकाहारी मंडळींनी गालेत मागवावा, म्हणजे कुट्टूच्या पिठाचा डोसाच. फक्त आत हॅम नको हे बजावून सांगा. चीज-मशरूमचा सहसा मिळतो.

आणि जमलं तर पोलंड जोडाच. शेंगेन व्हिसा तोच चालतो, पैसे मात्र झ्लॉटीत. क्राकूवच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं 'केस विंचरणारी' (१८९७) चुकवू नका. त्या लांबसडक तांबूस केसांची लाट बघताना आम्हाला दोएलानचा किनारा आठवत होता. वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'पोरोनिनचा अनाथ' (१९०६) आहे, तात्रा पर्वताच्या पायथ्याचा उदास मुलगा. क्राकूवचं संग्रहालय शहरभर वेगवेगळ्या इमारतींत विखुरलंय, सोमवारी बंद असतं आणि चित्रं अधूनमधून दुसऱ्या प्रदर्शनांना जातात. म्हणून तिकीट काढण्याआधी खिडकीवर चित्राचं नाव सांगून ते सध्या कुठल्या इमारतीत लावलंय हे विचारून घ्या.